पुलाच्या अलीकडे

नामाने रणगाडा लाकडी पुलाच्या अलीकडे आणून उभा केला आणि कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली.

"बाबा, पुढं घे ना."

"नाय घेत."

"का पन? सरळ तर जायचंय."

"ह्यो पूल ह्यो माल उचलनार नाय."

सोनलने प्लॅस्टरमधला उजवा हात उशीवर टेकवला आणि उसासा सोडला. ऐरोलीच्या ज्या कंपनीत ती नोकरीला होती, तिथे बाजारात येण्याआधी गेम तपासायचे. पोरीला खेळायचा पगार मिळतो, असं जुईनगरच्या गावठाणात सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात एकाच भिंतीवर दोनशे वेळा आपटायचं आणि दोनशे वेळा काय झालं ते लिहायचं, असलं ते रटाळ काम. गेल्या आठवड्यात स्कूटी घसरून तिचं मनगट मोडलं. सहा महिन्यांची कच्ची नोकरी शुक्रवारी पक्की व्हायची होती, आणि हे काम पुरं झालं नाही तर पत्र लटकणार होतं. म्हणून तिने लॅपटॉप घरी आणला होता. दोन हात मात्र बापाचे उसने घेतले होते, ते ऑफिसला ठाऊक नव्हतं.

काम एवढंच, की दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा एक जर्मन रणगाडा पुलावरून पन्नास वेळा न्यायचा आणि तो कुठे रुततो का, अडकतो का, बघायचं. सकाळपासून नामाने तो चिखलातून, चढावरून असा नेला होता की सोनल बघतच राहिली. पुलाशी येऊन मात्र त्याने ठाण मांडलं.

"वजन किती ह्याचा?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी टन."

"आनि नाव काय म्हनलीस?"

"माऊस. म्हणजे उंदीर."

"उंदीर?" आत जवळा निवडत बसलेली सोनलची आई गोजरा हसली. "मंग वर गनपती बसला असंल, त्याचा धरून वजन."

नामा हसला नाही. वजनाच्या बाबतीत तो कधीच हसत नसे. उरणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत त्याने एकोणीस वर्षं पुलर, म्हणजे अवजड ट्रेलर ओढणारा ट्रक, चालवला होता. बंदरात उतरलेले अवाढव्य ट्रान्सफॉर्मर शेकडो चाकांच्या ट्रेलरवर चढवायचे आणि पुलरने ओढत न्यायचे. माणसाच्या चालीने जाणारी ती गाडी. पूल आला की नामा आधी उतरून पायी पलीकडे जाऊन यायचा, खाली वाकून खांब बघायचा. पुलावर गियर बदलायचा नाही आणि ब्रेकला पाय लावायचा नाही, हा त्याचा नेम.

अकरा वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका जुन्या पुलाशी तो असाच थांबला. कागदावर वजन एकशे बेचाळीस टन होतं, पण गाडी ज्या कष्टाने ओढत होती त्यावरून माल जास्त आहे, असं त्याचं म्हणणं. पुन्हा वजन करा, नाहीतर मी नेणार नाही, म्हणाला. कंपनीने दुसऱ्या दिवशी हिरामण नावाच्या ड्रायव्हरला पाठवलं. हिरामणने माल पलीकडे नेला आणि पुलाचा साधा चिराही हलला नाही.

नामाची नोकरी गेली. पुढे एका कंटेनर यार्डाच्या गेटवर त्याने वॉचमनकी केली. गावात कुणी पाण्याचा हंडा उचलायला कुरकुरला तरी लोक म्हणायचे, नामा झाला काय रे तुझा? पूल आजही उभा आहे, त्यावरून एसट्या जातात. उभ्या पुलापुढे माणूस काय बोलणार? आपण खरे होतो की नुसतेच भित्रे, हे नामालाही अलीकडे सांगता आलं नसतं.

"बाबा, हे सगळं खोटं हाय. पूल खोटा, नदी खोटी."

"मना ठाव हाय. पन ह्यो रनगाडा त खरा होता ना?"

खरा होता. सोनलने गेमबरोबर आलेली माहिती उघडली आणि मराठी करून सांगू लागली. असे दोनच बनले, नमुन्यादाखल. पुढे रशियनांनी एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं जोडून एक अख्खा उभा केला, तो मॉस्कोजवळच्या संग्रहालयात आहे. मग ती मध्येच थांबली.

"बाबा, ऐक. बहुतेक पुलांवरून हा जाणार नाय हे बनवनाऱ्यांना माहीतच होतं. म्हणून नदीच्या तळावरून न्यायचं ठरवलेलं. एक काठावर उभा राहून केबलने वीज देनार, दुसरा पान्याखालून जानार."

"म्हंजे आधीच हिशेब केलेला?"

"हो."

"कोनी सांगितला? डायवरनं?"

"इंजिनियरांनी."

"आनि त्याना कोनी भित्रा नाय म्हनला?"

सोनलने माहिती पुन्हा वरखाली करून पाहिली; तसं कुठेच लिहिलं नव्हतं. नामाला छातीवरचा धोंडा कुणी उतरवल्यासारखं वाटलं. त्याने पडद्यावरच्या त्या धुडाकडे पहिल्यांदाच मायेने पाहिलं.

"लिव तुज्या सायबाला. पूल पडायला पायजे म्हनावं."

सोनलने डाव्या हाताच्या एका बोटाने टकटक करत इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. तेव्हा कुठे नामाने रणगाडा पुलावर घातला, पोरीच्या नोकरीसाठी. पूल पडला नाही. दुसऱ्यांदाही नाही, दहाव्यांदाही नाही. प्रत्येक खेपेला सोनल खूण करत होती.

अडतीस खेपा झाल्यावर तिचा फोन वाजला. तिचे वरिष्ठ ऋषी सर होते. एका हाताने फोन धरून लिहिता येत नाही म्हणून तिला स्पीकर लावायची सवय झाली होती. गॅलरीत जाऊनही तिने तोच लावला, आणि आवाज आत ऐकू येत राहिला.

"सोनल, हे पुलाचं काय लिहिलंयस? गेम आहे यार तो! लोकांना टँक पुलावरून न्यायलाच मजा येते. काढून टाक ते. शुक्रवारी तुझं कन्फर्मेशन आहे, आता उगाच टेन्शन नको देऊस."

"हो सर. काढते."

गोजराने जवळ्याचं ताट बाजूला सारून नवऱ्याकडे पाहिलं. नामाने पडद्यावरून नजर हलवली नाही.

सोनल आत आली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवून उभ्या उभ्या तिने त्या चार ओळी काढून टाकल्या. मग तो पुन्हा बापापुढे सरकवला.

"काय म्हनला सायब?" नामाने विचारलं.

"बघतो म्हणाले."

"बरं."

अकरा वर्षांपूर्वी नोकरीवरून काढल्याच्या दिवशी घरी येऊन त्याने गोजराला हेच सांगितलं होतं. सायब बघतो म्हनले. गोजराने तेव्हा पुढे काही विचारलं नव्हतं.

"किती ऱ्हायल्या?"

"बारा."

नामाने खुर्ची पुढे ओढली, बोटं जागेवर ठेवली आणि रणगाडा सावकाश पुलावर घेतला. पलीकडचा काठ येईपर्यंत त्याने ब्रेक लावला नाही.