हसलेला कौल

तैवानमधल्या लुकांगच्या खाडीकाठी, आपल्या दारात, ग्योक-हुई आजी कालवे फोडीत बसली होती. तोच घरातला फोन वाजला. तिचा एकुलता एक मुलगा बुन-हियोंग समुद्रापलीकडे, चीनमधल्या शामेनच्या कारखान्यात मुकादम होता. त्याचा फोन नित्य तिन्हीसांजेला येई. ही वेळ भलतीच होती. ओल्या हातानेच तिने रिसीव्हर उचलला.

“आजी, जनमत चाचणीसाठी बोलतेय,” एक कोवळा आवाज म्हणाला. “आपला तैवान स्वतंत्र व्हावा, चीनला मिळावा, की आहे तसाच राहावा? तुम्हाला काय वाटतं?”

आजीला वडील आठवले. ती लहान असताना तिच्या वडिलांनी चहाच्या दुकानात असेच मन मोकळे केले होते. पहाटे सरकारी माणसे त्यांना उचलून घेऊन गेली. वडिलांना चपला घालण्याचीही उसंत मिळाली नाही. तेव्हा भय आपल्याच सरकारचे होते, आता पलीकडच्याचे. आणि लेक तर पलीकडेच!

“तू कुणाची गं?”

“विद्यापीठाकडून, आजी.”

“फोनवर कुणीही विद्यापीठाचं असतं. काल एक बँकेचा होता, मेला!”

“आम्ही नाव विचारतच नाही हो.”

“नंबर तर आहे ना तुझ्याकडे?”

रिसीव्हर बाजूला ठेवता ठेवता आजी म्हणाली,

“थांब. देवीला विचारते.”

हात धुऊन आजी देव्हाऱ्यातल्या माझू देवीपुढे गुडघे टेकून बसली. कौल लावायच्या, चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका तिने कपाळाला लावल्या. “माझूआई, मनातलं बोलू का?”

एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी नुसती हसली होती, ना होकार ना नकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा टाकण्याचे धैर्य तिला होईना. होकार आला तर?

तिने रिसीव्हर उचलला. “आहे तसंच. लिही.”

“कायमचं, की पुढे कधीतरी ठरवायचं?”

“पोरगं घरी आलं की ठरवू.”

“असा पर्याय नाहीये, आजी.”

“मग वाढव की एक!” म्हणून तिने फोन ठेवला.

तिन्हीसांज झाली. फोन वाजला नाही. उदबत्ती जळून विझली, दुसरी लावली, तीही अर्धी सरली. आपल्या तोंडचा कोणता शब्द पाणी ओलांडून गेला असेल, याचीच ती मनोमन उजळणी करीत राहिली.

अखेर फोन खणखणला. “आई, जेवलीस का?”

“एवढा उशीर? तुझ्याजवळ कुणी आहे का रे?”

“अख्खा कारखाना आहे, जेवणाच्या रांगेत. का गं?”

‘घरी ये’ हे शब्द ओठांशी आले. पण तेही कुणी ऐकले तर?

“काही नाही. कालवं ताजी मिळतायत यंदा,” ती म्हणाली.

“मला ठेव थोडी,” तो हसला, आणि फोन बंद झाला.

आजीने त्या दोन फाका दोन्ही हातांनी उचलल्या आणि देवीच्या पायांशी हलकेच ठेवल्या. चुकून निसटू नयेत, आणि आपणहून होकार देऊ नयेत, म्हणून.