कपाटावरची ऑर्किड

"ऑर्किड उपाशी मरत नाही बाई, लाडाने मरतं. घरात पाणी घालणारा हात एकच ठेवा," असं नर्सरीवाल्याने पहिलं रोप देतानाच बजावलं होतं. मी हसले. आमच्याकडे दुसरा हात आहेच कुठे? नवऱ्याला स्वतःच्या हाताने पाणी प्यायचाही कंटाळा. आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्या ऑर्किडना ‘कोळशात खोचलेल्या काड्या’ म्हणायचे.

मग मुलगी रांगायला लागली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण दिसेल ते तोंडात. अँथुरियमचं पान चावलं तर बाळाचं तोंड सुजतं, असं वाचल्याबरोबर मी सगळी झाडं दिवाणखान्यातल्या कपाटावर चढवली: चार ऑर्किड, दोन अँथुरियम, एक घटपर्णी. दर रविवारी नवऱ्याने ती उतरवायची, मी पाण्यात बुडवून निथळायची, त्याने परत वर ठेवायची. त्याची कुरकुर वेगळीच.

तरी मुळं सडायला लागली. बोट लावलं की साल निघून हातात यायची. मी पाणी दहा दिवसांवर नेलं, तरी सड चालूच. एक रोप गेलं. दीड वर्षाने ज्या रोपाला कळ्यांचा दांडा आला होता, त्याचंही पान पिवळं पडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. शनिवारी मेलेलं रोप पिशवीत घालून तावातावाने नर्सरी गाठली.

"रोगट माल विकता का हो?"

त्याने रोप उपडं केलं, मुळांचा वास घेतला. "रोज पाणी घालताय."

"दहा दिवसांनी घालते!"

"मग दुसरं कोणीतरी घालतंय."

"कोण घालणार? कपाटावर आहेत. स्टुलावर चढल्याशिवाय हात..."

आणि दिवसभर घरी एकटं कोण असतं ते आठवलं. बाबा शहात्तर वर्षांचे. गेल्या वर्षी गुडघा बदललाय, वर रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येते. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना; सुट्टीच्या दिवशीही आतल्या खोलीत, दार लावून मीटिंग. बाबांना लावला.

"बाबा, काय करताय?"

"मी? खुर्चीत बसलोय निवांत." मागे टप टप थेंब पडत होते.

"आणि मुंगी?"

"ही काय, पायाशी."

घर चार गल्ल्या पलीकडे. कशी पळाले ते माझं मला माहीत. दार उघडलं तर बाबा स्टुलावर, एका हातात तांब्या, दुसऱ्याने कपाटाची कड धरलेली. आणि मुंगी स्टुलाचा पाय धरून उभी! आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली, तीही नेमकी तिथे.

"ओरडू नकोस," बाबा हळूच म्हणाले, "तांब्या भरलाय."

नाही ओरडले. एका हाताने मुंगीला उचललं, दुसऱ्याने बाबांची कंबर धरली. ते जमिनीवर टेकल्यावर मात्र तोंड सोडलं.

"रोज चढता?"

"तुम्ही ऑफिसला आणि ही पाळणाघरात गेली की. दिवसभर करू काय?"

"पण तुम्हाला तर त्या काड्या वाटतात!"

"काड्यांना आता कळ्या आल्यात. तू दहा-दहा दिवस कोरडं ठेवतेस, जीव आहे की नाही त्यांना?"

"तोल गेला होता का कधी?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. मी त्यांची बाही वर सारली. कोपर हिरवंनिळं.

"दारावर आपटलं म्हणाला होतात ना?"

"मग? कपाटाला दार नसतं का?"

कप्पाळ माझं! झाडं उतरवून बाबांच्या खोलीत टेबलावर मांडली, मुंगी आत जाऊ नये म्हणून खोलीच्या दाराला आडवी फळी लावली. पाणी तेच घालतात, रविवारीच, माझ्यासमोर. स्टूल शेजारणीला देऊन टाकलं. तरी काल ऑफिसातून फोन केला तर उत्तर तेच, "खुर्चीत बसलोय."

तुमच्याही घरी दिवसभर कोणी एकटं असेल तर फोनवर विचारू नका. आज संध्याकाळी घरी गेलात की जवळ बसा, बाही वर करा आणि त्यांची कोपरं बघा.