तिसऱ्या झाडावरचं मचाण

तिसऱ्या झाडाच्या मचाणावर पाय टेकताच मुलीनं दोन्ही हुक डोक्यावरच्या तारेत अडकवले, एकदा खेचून पाहिले आणि सरळ मांडी घालून खाली बसली.

ओंडक्यांचा झुलता पूल ओलांडून बाबा केव्हाच चौथ्या झाडावर पोचले होते. त्यांनी तिथूनच हाक मारली.

“अगं मासोळी, बसलीस काय? ऊठ, चल.”

“नाही.”

“पाय भरून आले का?”

“नाही.”

“मग भीती वाटतेय. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

“भीती नाही वाटत. मी येणार नाहीये, एवढंच.”

खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या आईनं मान वर केली. शेजारी आत्या संत्रं सोलत होती. बाबांची ही थोरली बहीण इस्पितळात परिचारिका होती. रोज माणसांना उचलून उठवण्या-बसवण्यातच जन्म चाललाय, तेव्हा सुट्टीच्या दिवशी आपण कुणाला उचलणार नाही आणि कशावर चढणारही नाही, असं तिनं या साहस-उद्यानाच्या फाटकातच जाहीर करून टाकलं होतं.

“चांगली फतकल मारलीये पोरीनं,” आत्या म्हणाली. “आता ही हलायची नाही. माझ्या भावाचीच लेक ती.”

मुलगी का बसली हे आईला ठाऊक होतं.

सकाळी गाडीत बाबांनी बातमी सांगितली होती. दूरच्या शहरातल्या एका नावाजलेल्या पोहण्याच्या अकादमीत मुलीची निवड झाली होती. पुढच्या महिन्यापासून तिथल्या हॉस्टेलवर राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, घरी यायचं ते फक्त मोठ्या सुट्टीत. बाबा स्वतः पोहण्याचे प्रशिक्षक. मुलीला पाण्यात पहिल्यांदा त्यांनीच सोडलं होतं. आजची सहल याच आनंदासाठी, असंही ते म्हणाले. आत्यानं मागून टाळी वाजवली, आणि आपण एकटीच वाजवतोय हे लक्षात आल्यावर हात मांडीवर ठेवले. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

आईला हे आधीच्या आठवड्यात कळलं होतं. तेव्हा ती “बघू” म्हणाली होती.

वर आता दुसऱ्या पुलावर माणसं थांबली. सगळ्यांत पुढे लाल हेल्मेट घातलेला एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हातांनी दोर धरून उभा होता.

“काय झालं हो पुढे?” तो ओरडला. “इथं लटकून माझा वाळत घातलेला कपडा झालाय!”

हिरव्या टी-शर्टमधली एक मार्गदर्शक मुलगी लगबगीनं बाकाजवळ आली.

“तुम्ही आई ना तिच्या? तिला दोरानं खाली सोडता येईल, पण ती नको म्हणते. पुढेही जायचं नाही म्हणते. आणि आम्ही कुणाला ओढत नाही. तिचे बाबा पुलावरून परत येऊ शकत नाहीत, तो एकाच दिशेनं ओलांडायचा आहे. तुम्ही येता का वर? त्या झाडाला आमची शिडी आहे.”

“मी?”

“तू,” आत्या म्हणाली, आणि वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. “त्या चपला घालून चढू नकोस. हे घे. थोडे मोठे होतील तुला, पण निसटला तर बूट पडेल, तू नाही.”

घरातला दिवा बदलायलाही आई स्टुलावर चढत नसे. पट्टे आवळले गेले, हेल्मेट डोक्यावर आलं, आणि ती शिडी चढू लागली. पायऱ्या मोजायच्या नाहीत, झाडाची साल बघत राहायचं, असं तिनं ठरवलं. सालीवरून मुंग्यांची रांग वर चालली होती. त्यांच्या सोबतीनं तीही वर पोचली. मार्गदर्शक मुलीनं मागून येऊन तिचे हुक तारेला लावले आणि खोडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

मचाण जेमतेम दोन माणसं बसतील एवढंच होतं. आई खोडाला पाठ घासत घासत खाली बसली.

“मला न्यायला आलीस?” मुलीनं विचारलं.

“हो.”

“पुढे की खाली?”

आईनं मुलीच्या हनुवटीखालचा पट्टा थोडा सैल केला. तिथं लाल वळ उठला होता.

“मला पोहायला आवडतं, आई. पोहणं सोडायचं नाहीये मला. पण पोहून झाल्यावर घरी यायचंय.”

“बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं ना, मघाशी पहिल्या झाडावर. ते म्हणाले, होईल सवय. मला सवय करून घ्यायचीच नाहीये.” ती आईकडे वळली. “तू हो म्हणालीस ना त्यांना?”

“मी बघू म्हणाले.”

“आपल्या घरात बघू म्हणजे हो.”

हे ती रागानं बोलली नाही. पंखा कुठल्या बटणानं लागतो ते पाहुण्याला सांगावं, तशी बोलली. आईनं खाली बघितलं, आणि खाली बघितल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर भिंगं बदलत दिवसभर विचारायची, आता बरं दिसतंय की मघाशी? हे की आधीचं? अनोळखी माणसंही त्या खुर्चीवर बसून, वेळ घेऊन, आधीचं भिंग पुन्हा पुन्हा मागून घेऊन सांगायची. कुणालाही त्यात संकोच वाटत नसे.

“तुला काय हवंय?” मुलीनं विचारलं.

“मला तू घरी हवीयेस,” आई म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून खूपच लवकर ते बाहेर पडलं.

“काय ठरलं?” पलीकडून बाबांचा आवाज आला. “लोक खोळंबलेत!”

आई खोडाला धरून उभी राहिली. चौथ्या झाडाकडे तोंड करून ती बोलली.

“ती जाणार नाही.”

“बरं, राहू दे. सोडा तिला दोरानं खाली. इथवर आली हेही काही कमी नाही.”

“पुलाचं नाही म्हणत मी.”

मधला पूल वाऱ्यानं करकरला.

“हॉस्टेलचं म्हणतेय. ती जाणार नाही.”

बाबांनी आधी लाल हेल्मेटवाल्याकडे पाहिलं, मग खाली, मग तिच्याकडे.

“हे काय इथं बोलायचंय? खाली गेल्यावर बोलू.”

“खाली गेल्यावर तुम्हीच बोलाल.”

“अगं, तिच्यात काय आहे ते तुला कळत नाही. मला कळतं. माझा खांदा गेला नसता तर...” त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. “तिचा धड आहे. एवढं चांगलं अंग मिळालंय तिला.”

“मिळालंय ना. तिला मिळालंय.”

“मी काय तिचं वाईट करतोय?”

“नाही. तुमच्याइतकं तिच्यासाठी कुणीच केलं नाही. तरीही ती जाणार नाही. इथल्या तलावात पोहेल, तुम्ही शिकवाल तसं पोहेल, आणि रात्री घरी जेवायला येईल.”

“ताई, घरातलं आहे हे कळतंय,” लाल हेल्मेटवाला मागून म्हणाला, “पण माझे हात...”

“धरून ठेवा, दादा. झालंच आमचं.”

“मला खाली सगळं ऐकू येतंय!” आत्या बाकावरून ओरडली. “आणि मला वहिनीचं पटतंय!”

“तू मध्ये पडू नकोस!” बाबा ओरडले.

“मी कुठं मध्ये? मी जमिनीवर आहे!”

पुलावर कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी तारेला लावलेला आपला हुक उगाचच काढून पुन्हा लावला.

मार्गदर्शक मुलीनं हलक्या आवाजात विचारलं, “मग? खाली सोडू का दोघींना?”

“मी पुढे जाते,” मुलगी उठत म्हणाली. “मी काय घाबरून बसले नव्हते.”

तिनं एकेक हुक पुढच्या तारेवर घेतला आणि पुलावर पाऊल टाकलं. ओंडके झुलले, तीही त्यांच्याबरोबर झुलली. मधेच ती एका पायावर थांबली, कारण नसताना, फक्त थांबता येतं म्हणून. शेवटच्या ओंडक्यावर बाबांनी सवयीनं हात पुढे केला. तिनं तो पाहिला, आणि आपल्याच हातानं खांब धरून वर चढली.

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. बाबा वाकून तिच्याशी काहीतरी बोलले; अलीकडच्या मचाणावर ऐकू आलं नाही. मुलीनं नकारार्थी मान हलवली. ते पुन्हा बोलले, आता जरा जास्त वेळ. तिनं पुन्हा मान हलवली. एकदाही तिनं आईकडे वळून पाहिलं नाही.

“तुम्हाला शिडीनं उतरवू?” मार्गदर्शक मुलीनं आईला विचारलं.

“नको. हुक कसा काढायचा ते दाखवा.”

तिनं दाखवलं. आईनं दोन्ही हुक पुलाच्या तारेवर घेतले. पहिल्या ओंडक्यापर्यंतचं अंतर खालून दिसलं होतं त्याहून बरंच जास्त होतं. बाबांनी तिला पलीकडून पाहिलं आणि पुढे झाले.

“अगं, थांब! पहिला ओंडका फिरतो,” ते म्हणाले. “उजवा पाय आधी टाक.”

आईनं डावा टाकला. ओंडका फिरला, तिच्या वजनासकट थोडा खाली गेला, आणि तिथं थांबला.