फोटोचा मक्ता

एलिया भिंगारदिवेचा काष्टीत बाजारतळाला लागून फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, सगळं तो काढी. पण त्याचा जीव कुस्त्यांच्या फोटोंत. बारा वर्षं आसपासच्या जत्रांतला एकही फड त्यानं चुकवला नव्हता. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर मातीत गुडघा टेकून तो बसला की पंचसुद्धा त्याच्या कॅमेऱ्याच्या आड येत नसत. पैलवानांना त्याची गरज होती. लांबच्या जत्रेची माणसं जोड ठरवण्याआधी फोटो मागत, आणि एलियाच्या फोटोत अंगातली ताकद दिसायची.

गावच्या कानिफनाथ पैलवानाचं पोट कुस्तीवरच चाले. तेविशीत होता तेव्हापासून त्याचे फोटो एलियानंच काढले होते. आता पस्तिशी आली होती, डावा गुडघा कुरकुरत होता.

बहात्तर सालच्या चैत्रात ठेकेदार आबासाहेबांनी काष्टीबाहेरच्या माळावर तिकिटाच्या कुस्त्या लावल्या. भोवती पत्रे ठोकले, आत खुर्च्या मांडल्या. शेवटची जोड कानिफनाथ आणि उत्तरेकडचा एक नावाजलेला मल्ल यांची. हे मैदान झालं की त्याच मल्लाला घेऊन आबासाहेब पुण्यात मोठं मैदान भरवणार होते. त्याची भित्तिपत्रकं आधीच छापून तयार होती.

एलिया तिकीट काढून फाटकाशी गेला. दारावरच्या माणसानं त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर हात ठेवला.

“ह्यो आत जायाचा न्हाई.”

“तिकीट काढलंय की.”

“मान्साचं काढलंय. कॅमेऱ्याचं न्हाई. फोटोचा मक्ता पुन्याच्या स्टुडिओला दिलाय. दुसऱ्या कुनी काढायचा न्हाई, असा कागद झालाय.”

“अरे, बारा वर्सं मीच काढतोय.”

“मग आता आबासाहेबांना इचारा.”

आबासाहेब आतच खुर्चीवर बसले होते. त्यांनी एलियाला पाहिलं आणि शेजारच्या पुढाऱ्याशी बोलत राहिले. हौद्याच्या काठाला, एलियाच्या नेहमीच्या जागी, पुण्याचा फोटोग्राफर घडीची खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यापाशी दोन कॅमेरे आणि फ्लॅश होता.

एलिया फाटकातून मागे फिरला. घरी निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण हलगी कडाडली, आत गर्दीनं कानिफनाथच्या नावानं आरोळी ठोकली, आणि त्याचा पाय निघेना. पत्र्याला लागून कडब्याची एक गाडी उभी होती. चाळिशी ओलांडलेला एलिया त्या कडब्यावर चढला. तिथूनही पुढच्या लोकांची मुंडासी आड येत होती. मग त्यानं माथ्यावर बघायची काच असलेला आपला कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर उलटा धरला आणि वर मान करून काचेत बघत राहिला.

कुस्ती पंचवीस मिनिटं चालली. शेवटी उत्तरेकडच्या मल्लानं कानिफनाथला उचलून आपटलं, पण कानिफनाथ हवेतच वळला आणि डाव्या खांद्यावर पडला. त्याच क्षणी पंचानं हात वर केला. चीतपट! गर्दी उठली. “न्हाई झाली! न्हाई झाली!” कानिफनाथ मातीतून उठून उजवा खांदा दाखवत होता. खांद्याला माती लागलेली नव्हती. पंच म्हणाला, “घामानं धुतली असंल.” पुण्याच्या फोटोग्राफरनं विजयी मल्लाचा आबासाहेबांबरोबर फोटो घेतला आणि मैदान मोडलं.

एलियानं फिल्म त्याच दुपारी धुतली. कुस्ती बारीक आली होती, म्हणून त्यानं मोठी प्रत काढली. पाण्यातल्या कागदावर हळूहळू आधी पंचाचा वर गेलेला हात उमटला. मग खाली कानिफनाथ. उजवा खांदा मातीपासून वीतभर वर होता.

त्याची बायको मार्था मिशनच्या शाळेत शिकवायची. तिनं प्रत उजेडात धरून पाहिली.

“अहो, हे कुणीही बघितलं तरी कळेल,” ती म्हणाली. “पण तुम्हाला आत सोडलं नव्हतं ना? मग हा काढला कुठून, असं विचारतील.”

“इचारू दे. खांदा वर हाय तो हायच.”

कानिफनाथनं फोटो पाहिला. मग त्यानं एलियाचे दोन्ही हात धरले. “एलियाभाऊ, मला वाटाय लागलं हुतं मीच चुकलो. तिथं समदं जग म्हनत हुतं पाठ लागली.”

दुसऱ्या दिवशी दोघं एस्टीनं नगरला एका साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादकानं चष्मा वर करून फोटो न्याहाळला. “फोटो बिनतोड आहे,” तो म्हणाला. “पण मला छापता येत नाही. त्या मैदानाचे फोटो मक्तेदाराकडूनच घ्यायचे, असं आम्ही लिहून दिलंय. त्या अटीवरच आमच्या माणसाला आत सोडलं.”

“मग मक्तेदाराकडं ह्यो क्षन असंल की. त्यो तर समोरच बसला हुता.”

“आम्ही मागितला होता. ‘असा फोटो नाही’ म्हणून कळवलंय.”

परतताना कानिफनाथ खिडकीबाहेर बघत होता. एलियाच बोलत होता : श्रीगोंद्याच्या तालमीत दाखवू, कोल्हापूरला वस्तादांना पाठवू. कानिफनाथ नुसता हुंकार देत होता.

चौथ्या दिवशी आबासाहेबांनी एलियाला बोलावून घेतलं. चहा पाजला.

“एलिया, तू चोरून फोटो काढलास.”

“फोटो काढला, आबासाहेब. चोरी पंचानं केली.”

आबासाहेब हसले. “कुस्ती माझ्या मैदानात झाली. तिथं जे दिसलं ते माझं. निगेटिव्ह आणून दे, पुढल्या साली मक्ता तुला देतो.”

“मला मक्ता नगं. आत बसू द्या, एवढंच म्हननं हुतं.” एलिया कपात चहा तसाच ठेवून उठला. रस्त्यानं चालताना त्याला बारा वर्षांत वाटला नव्हता इतका स्वतःचा अभिमान वाटला.

तो अभिमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ स्टुडिओत आला आणि स्टुलावर बसला.

“एलियाभाऊ, ती फिल्म मला दे.”

“तुला कशाला?”

“आबासाहेबांना द्यायचीय.” तो जमिनीकडं बघत होता. “त्यांच्या सूतगिरनीत वॉचमनची जागा हाय. कायमची. मी काल सही केली. कुस्ती निकाली झाली, माजी तक्रार न्हाई, म्हनून.”

“तुजा खांदा वर हुता, कानिफ.”

“व्हय, वर हुता. मला ठावं हाय, तुला ठावं हाय. पन ह्यो गुडगा आजून किती जत्रा काढंल? एक, लई तर दोन. मग मला कोन इचारनार? तू?”

“ती फिल्म माजी हाय,” एलिया म्हणाला.

“अन् अंग माजं हाय.”

एलिया उठून आतल्या खोलीत गेला. मार्था शाळेत होती, विचारायला कुणी नव्हतं. पाकिटातून फिल्म काढून त्यानं एकदा उजेडात धरली आणि मग आणून कानिफनाथच्या हातात दिली. मोठी प्रतही दिली. कानिफनाथनं दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून बंडीत सारलं.

“रागावलास?”

“न्हाई.”

“रागावलास तरी चालंल. पन एक काम हाय. गिरनीत द्याया माजं दोन बारकं फोटो लागत्यात.”

एलियानं त्याला पडद्यापुढं बसवलं. दिवे लावले. कानिफनाथनं सवयीनं छाती फुगवली, दंड ताठ केले.

“एवढं नगं,” एलिया म्हणाला. “नुसतं तोंड येनार हाय. खांदं खाली सोड.”

कानिफनाथनं खांदे खाली सोडले. एलियानं फोटो काढला.

पुढच्या चैत्रात माळावर पुन्हा पत्रे ठोकले गेले. मक्ता पुण्यालाच गेला होता. कुस्त्यांच्या दिवशी एलियानं स्टुडिओ सकाळपासून उघडा ठेवला. संध्याकाळपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही. सगळा गाव माळावर होता.