कोर्टाच्या दारात न निघालेली हातकडी

मी एक जुनी हातकडी आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागं सरकू नका. सध्या मी पांढऱ्या कापडाच्या एका पुडक्यात आहे. पुडक्याच्या गाठीवर लाखेचं सील आहे आणि वर कोर्टाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. माझ्यापासून आता कुणाला भीती नाही.

बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांच्याकडं किती चांगलं सांगण्यासारखं असतं! पाटी सांगते, माझ्यावर लेकरं शिकली. कंदील सांगतो, मी उजेड दिला. माझ्याकडं तसलं काही नाही. माझ्याकडं एकच दिवस आहे. तो सांगते, पण आधी माझी ओळख.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोन कडी, मधे छोटी साखळी आणि एक चावी, एवढाच माझा देह. अंगावर सदतीस हा आकडा ठोकला. मग माझ्यासारख्या पन्नास जणींना लाकडी खोक्यात भरलं, आणि रेल्वेनं आम्ही नांदेडला आलो. तिथून माझी रवानगी तालुक्याच्या एका ठाण्यात झाली. त्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, "हां, ते ठाणंच तसलं आहे," आणि बाकीची सगळी ठाणी सुटतात.

सुरुवातीला मला स्वतःचा फार अभिमान होता. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा व्हायची. बंदुकांच्या शेजारी मलाही मांडायचे, हळदीकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे. जमादार कौतुकानं म्हणायचे, "सदतीस नंबरची पकड पक्की हाय." मला वाटायचं, मी जिथं आहे तिथं कायदा आहे.

आमच्या तालुक्यात तेव्हा कोर्ट नव्हतं. आरोपीला नांदेडला न्यावं लागे, आणि नेत ते लाल एस.टी.नं. मागच्या सीटवर खिडकीशी आरोपी, शेजारी हवालदार, मधे मी. ते दिवस अजून आठवतात. उन्हानं तापलेली ती खिडकी, शेंगा सोलून अर्ध्या आरोपीच्या हातावर ठेवणारे हवालदार, आणि डुलकी लागली की एकमेकांच्या खांद्यावर टेकलेली दोघांची डोकी. किती मनगटं धरली मी! नांगरानं घट्टे पडलेली, मेंदी लागलेली, थरथरणारी. एक होत्या नागुबाई, अलीकडच्याच. वय बहात्तर. बांधावरच्या भांडणात नाव आलं होतं. त्यांचं मनगट इतकं बारीक होतं की मी निसटून खाली पडायची. तेव्हा हवालदारानं त्यांच्याच लुगड्याचा पदर मनगटाला गुंडाळला आणि वरून मला आवळलं. त्या दिवसापासून दसऱ्याचं फूल मला टोचायला लागलं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कायद्यानं मला कुणाच्याही हातात सहज घालता येत नाही. आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, आणि या माणसालाच हातकडी का, हे लिहून द्यावं लागतं. आमच्या ठाण्यात परवानगी कुणी मागत नसे. ठाण्याच्या डायरीत एक वाक्य लिहिलं की झालं. आणि नांदेडला पोचल्यावर कोर्टाच्या दाराशी मला काढत आणि हवालदाराच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली टाकत. आरोपी आत मोकळ्या हातांनी उभा राहायचा. मॅजिस्ट्रेट विचारायचे, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आरोपी म्हणायचा, "काही न्हाई साहेब." चाळीस वर्षं मी त्या कोर्टात गेले, आणि चाळीस वर्षांत एकाही न्यायाधीशानं मला पाहिलं नाही.

कोर्टाच्या फाटकासमोर एक चेंबर आहे. चेंबर म्हणजे काय, पुस्तकांनी भरलेली एक खोली, दोन टेबलं आणि बाहेर चपलांचा ढीग. उमरीहून, देगलूरहून, अर्धापूरहून ज्यांना कुणी वकील दारात उभं करत नाही ती माणसं तिथं येतात. वकील दत्तोपंतांनी ते सुरू केलं. तरुणपणी ते हैदराबादेत एका बॅरिस्टरच्या हाताखाली शिकले, आणि आपल्या हक्कांसाठी भांडणाऱ्या माणसाचा खटला त्यांनी कधी परत पाठवला नाही. आता त्यांची पंच्याऐंशी उलटली आहे. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलतात, आणि त्यांचं बोलणं रस्त्यापर्यंत पोचतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सौदामिनीबाई आता ते चेंबर चालवतात. त्या चेंबरसमोरून जाताना आमचे हवालदार, मी दिसू नये म्हणून, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुवार होता, बाजाराचा दिवस. आदल्या दिवशी भागवत नावाच्या माणसाला पकडून आणलं होतं. भागवतचं झेरॉक्सचं दुकान. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या काखेत कुबडी. त्याचा गुन्हा काय? एका सरकारी कचेरीत अपंगांना दाखले देण्याचं शिबिर होतं, आणि ते ठेवलं होतं दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. भागवत आणि आणखी अकरा जण जिन्यातच बसले. तो साहेबांना म्हणाला, "आम्हाला वर येता येईना. तुम्ही खाली या, न्हाई तर आमच्यासंगं इथंच बसा." साहेबांना दोन तास खाली उतरता आलं नाही. म्हणून सरकारी कामात अडथळा.

ठाण्याच्या आवारात जीप उभी होती. तरीही इन्स्पेक्टर म्हणाले, "बाजारातून चालत न्या स्टँडवर. बघू दे लोकांना."

बसलिंगप्पा हवालदारांनी भागवतच्या दोन्ही हातांत मला अडकवलं. आता सांगा, दोन्ही हात बांधल्यावर कुबडी कशानं धरायची? कुबडी शिपायानं काखेत मारली. भागवत एका पायावर उड्या मारत निघाला. शे-दोनशे पावलांवर त्याचा तोल गेला आणि तो मेथीच्या जुड्यांवर तोंडावर पडला. हात पुढं करून सावरता आलं नाही, कारण मधे मी होते.

ती मेथी विकत बसली होती त्याची आई, साखराबाई.

तिनं आधी लेकाच्या तोंडावरची माती पुसली. मग उठून उभी राहिली. "ओ हवालदार, कुबडी द्या त्याची!"

"साहेबाची ऑर्डर हाय मावशी."

"साहेबाचे दोन्ही पाय धड हायत, म्हणून सुचती असली ऑर्डर. हे लेकरू पळून जाईल म्हणता? कुठवर जाईल? समोरच्या पानटपरीवर?"

बाजार हसला नाही. साखराबाईनं मेथीवर पोतं टाकलं आणि ती आमच्या मागं चालत येऊन त्याच एस.टी.त चढली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं माय?" ती म्हणाली, "हे घेऊन जातील तिथं."

नांदेडला पोचल्यावर तिनं स्टँडवरच्या रिक्षावाल्याला एवढंच विचारलं, "गरिबाचा वकील कुठं बसतो?" त्यानं तिला सरळ त्या चेंबरच्या दारात नेऊन सोडलं.

आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात थांबलो होतो. थोड्या वेळानं इन्स्पेक्टर जीपमधून आले. भागवतच्या कानाशी वाकून म्हणाले, "हे बघ. आत गप ऱ्हायलास तर जामिनाला विरोध करत न्हाई. संध्याकाळी घरी जाशील. बाजारातलं तोंडातून काढलंस, तर सात दिवसांची कोठडी मागतो. कोठडीत कुबडी देत न्हाईत, ठाऊक हाय ना?"

भागवतनं शिपायाच्या काखेतल्या कुबडीकडं पाहिलं. सात दिवस एका पायावर, भिंत धरून.

तेवढ्यात सौदामिनीबाई आल्या. काळा कोट, गळ्याशी वकिलाचे पांढरे बँड, पायात साध्या चपला. वकीलपत्रावर सही घेतली. भागवतनं बांधलेल्याच हातांनी सही केली. मनगटावर मी पाडलेले वळ त्यांनी पाहिले, पडून फुटलेला गुडघा पाहिला आणि विचारलं, "हे कोर्टाला सांगायचंय तुम्हाला?"

"सांगून काय व्हतंय मॅडम? हे म्हणतील, हातकडी घातलीच न्हाई. दारात काढून घेतात, सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग सांगू नका. आमचे दत्तोपंत म्हणतात, कोर्टाला दाखवावं." त्यांनी वकीलपत्राची घडी घातली. "पण त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागेल, भागवतराव. कोठडी मिळाली तर मी आज सोडवू शकेनच असं नाही. खोटं सांगत नाही. ठरवायचं तुम्ही."

भागवतनं आईकडं पाहिलं. साखराबाई म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राहिलास? पडला तू, मी न्हाई."

पुकारा झाला. बसलिंगप्पांनी सवयीनं चावी काढली. "आण हात."

भागवतनं दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. "ऱ्हाऊ द्या."

"अरे काढतोय की! सुटतोयस येड्या!"

"न्हाई काढायची. ठाण्यातून आलो तसाच आत जातो."

मित्रांनो, माझ्या जन्मात मला काढा म्हणून रडलेले शेकडो पाहिले. मला काढू नका म्हणणारा हा पहिला. बसलिंगप्पांनी साखळीला हात घातला. भागवतनं बोटं एकमेकांत गुंतवून मुठी आवळल्या, माझी कडी मनगटात रुतली, तरी त्यानं मुठी सोडल्या नाहीत. इन्स्पेक्टर दातओठ खात म्हणाले, "काढ आधी ती!" साखराबाईनं शिपायाच्या काखेतली कुबडी हिसकली. बांधलेल्या हातांनी भागवतला ती काखेत धरता येईना, तेव्हा सौदामिनीबाईंनी स्वतःचा खांदा पुढं केला. त्याच्यावर हात टेकवून, एकेक उडी मारत, मला अंगावर घेऊन भागवत आत गेला.

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एका न्यायाधीशाची नजर माझ्यावर पडली.

"हातकडीची परवानगी कुणी दिली?"

इन्स्पेक्टरांनी बसलिंगप्पांकडं पाहिलं. सौदामिनीबाई म्हणाल्या, "कारण ठाण्याच्या डायरीत असेल, साहेब. हवालदारांना वाचायला सांगावं."

बसलिंगप्पांनी सोबत आणलेली डायरी काढून वाचलं, "आरोपी तरुण, चपळ व धडधाकट असून पळून जाण्याची दाट शक्यता असल्याने हातकडी लावली आहे."

कोर्टानं साखराबाईच्या हातातल्या कुबडीकडं पाहिलं.

"मागची पानंही वाचा," बाई म्हणाल्या.

बसलिंगप्पा वाचत गेले. दम्यानं बेजार म्हातारा: तरुण, चपळ व धडधाकट. स्वतःहून ठाण्यात हजर झालेला मास्तर: तरुण, चपळ व धडधाकट. मग नागुबाईंचं नाव आलं, वय बहात्तर. तिथं बसलिंगप्पांनी डायरी खाली घेतली. "साहेब, मी भरती झालो तेव्हा मला हेच वाक्य शिकवलं. मी आल्यापास्नं तेच लिहितो. वाचलं आज पहिल्यांदा."

इन्स्पेक्टरांनी सात दिवसांची कोठडी मागितलीच. कोर्टानं ती नाकारली, जामीन दिला आणि चौकशीचा हुकूम काढला. मग सौदामिनीबाईंनी आणखी एक अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की ही हातकडी जप्त करावी. आजवर मी माणसांना धरून आणलं होतं. त्या दिवशी मीच धरली गेले. मला कापडात बांधलं, लाख वितळवून सील ठोकलं, आणि मी कोर्टाच्या कपाटात गेले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. इन्स्पेक्टर बढतीवर बदलून गेले. ठाण्यात माझ्या जागी नव्या, चकचकीत हातकड्या आल्या. चौकशी आजही चालू आहे. दर तारखेला कुणीतरी भागवतला गाठून सांगतं, "मिटवून टाक. जिन्याची केसही काढून घेतो." दर तारखेला तो म्हणतो, "न्हाई." त्याची बायको पुनम आता झेरॉक्सचं दुकान सांभाळते, कारण त्याचा दिवस नांदेडला जातो. ती म्हणते, "तारीख हाय का? जावा मग. डबा बांधलाय."

गेल्या महिन्यात माझं सील फोडलं. भागवतची साक्ष होती. इन्स्पेक्टरांच्या वकिलानं मला उचलून विचारलं, "अशा हातकड्या हजारो असतात. हीच तुमच्या हातात होती, कशावरून?"

भागवत म्हणाला, "वकीलसाहेब, हजारो हायत हेच तर सांगायला आलो."

त्या वकिलानं मला टेबलावर ठेवून दिलं. मागच्या बाकावर दत्तोपंत कानाला हात लावून बसले होते. त्यांनी शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाला?" सगळ्या कोर्टासमोर भागवतला परत सांगावं लागलं, आणि ते दुसऱ्यांदाही लिहून घेतलं गेलं. मग मला पुन्हा कापडात बांधून नवं सील ठोकलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा, टाकून देऊ नका. मी तसं काही मागणार नाही. मला जपू नका. मला तेल लावू नका, घासू नका, संग्रहालयात काचेत मांडू नका. साक्षीचं काम संपलं की मला अशा ओल्या कोपऱ्यात टाका, जिथं माझी चावी फिरणार नाही. गंज चढू द्या माझ्यावर.

आणि जपायचंच असेल तर मनगटं जपा. स्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या खाटेशी माझ्या जातीची कुणी दिसली, तर मान वळवून जाऊ नका. तो माणूस चोर असो की साव, तुमच्या ओळखीचा असो वा नसो. सरळ जवळ जा आणि विचारा, "परवानगी कुठाय? दाखवा." तुमच्यावर डोळे वटारतील, "तू कोण लागतोस याचा?" म्हणतील. तरी तिथून हलू नका. पुन्हा विचारा.