विसावलेली कंपनी

चेअरमन रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ऑफिसला निघत. स्वयंपाकघरापासून ऑफिस अकरा पावलांवर होतं, पण ती अकरा पावलं ते बूट घातल्याशिवाय कधी चालले नाहीत. पुढच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक शिक्का आणि भिंतीवर दारावरच्या बेलचे बेचाळीस नमुने होते. एकेक बटण दाबून बघायचं, फडक्याने पुसायचं आणि मग खुर्चीत बसून कंपनी चालवायची. कंपनी आठ वर्षांपूर्वीच बंद पडली आहे हे त्यांच्या कानावर घालायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. ते काम फक्त त्यांची बायको करायची, आणि रोज करायची.

गल्लीने तिला चेअरमनबाई करून टाकलं होतं. कागदोपत्री मात्र ती संचालक क्रमांक दोन होती. कंपनी चालत होती तेव्हा प्रत्येक बेलच्या आतली तांब्याची तार तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गुंडाळली होती, एक डोळा तारेवर आणि एक दुधावर ठेवून. दूध बऱ्याचदा उतू गेलं, तार कधी चुकली नाही.

तर झालं असं, की थोरल्या जाऊबाईंचे कान गेले. दारात माणूस बेल वाजवून दमायचा आणि जाऊबाई आत खुशाल पेपर वाचत बसायच्या. तेव्हा हिने जुन्या सामानातून एक जोडणी केली. दारावरचं बटण दाबलं की आत दिवा लुकलुकायचा. जाऊबाईंच्या शेजारी कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांनी तो दिवा बघितला आणि थेट हिच्या दारात आल्या. "आम्हाला असे तीस दिवे हवेत. प्रत्येक वर्गात एक. मात्र तुमच्या कंपनीचा नोंदणी क्रमांक महिनाअखेरीपर्यंत द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चेअरमनना ओलांडून तिच्याशी बोलत होतं. ती दोन रात्री झोपली नाही.

चेअरमनना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. "आवाज न करणारी बेल? तिला बेल कोण म्हणेल?"

"का? तुमच्या कंपनीला कंपनी म्हणतातच की लोक."

चेअरमन बूट घालून ऑफिसला निघून गेले.

कंपन्यांची कागदपत्रं करणारी भाची घरचीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "मामी, मामाने आठ वर्षांत एक कागद भरला नाहीये. अशा कंपनीच्या संचालकाला नवी कंपनी काढता येत नाही. आधी जुनी रीतसर बंद करा, मग हवे तेवढे दिवे लावा. दोघांची सही लागेल. एकच ओळ आहे."

ती एकच ओळ अशी होती: 'सदर कंपनी गेली आठ वर्षे पूर्णपणे निष्क्रिय असून तिने कोणतेही काम केलेले नाही.'

तिने झटक्यात सही केली. चेअरमननी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"निष्क्रिय?"

"कायद्यातला शब्द आहे तो, मामा."

"गल्लीत कुणाची बेल बंद पडली की कोण जातं? परवा शिंपीणबाईंची कुणी दुरुस्त केली? आणि कोणतेही काम केलेले नाही? असं मी लिहून देऊ? सहीनिशी?"

"मी गेली आठ वर्षं तोंडी सांगतेच आहे," ती म्हणाली. "आता लेखी झालं एवढंच."

ही थट्टा महागात पडली. चेअरमननी अर्ज ऑफिसात नेला, सही केली आणि स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवून टपालात टाकलं. आठवड्याने अर्ज परत आला. चेअरमननी 'निष्क्रिय' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'विसावलेली' असं लिहिलं होतं. त्याखाली निबंधक कार्यालयाने लाल शाईत लिहिलं होतं, 'असा प्रकार कायद्यात नाही.'

दुसऱ्या अर्जात त्यांनी 'मंदगती' लिहिलं. तोही परत आला, आणि या वेळी शेवटच्या रकान्याभोवती एक लाल वर्तुळ होतं. सभा होतात का, असा तिथे प्रश्न होता. चेअरमननी रुबाबात लिहून दिलं होतं, 'नियमित होतात.' लाल शाई म्हणत होती, 'सभा होतात तर कंपनी निष्क्रिय कशी? दोन्ही संचालकांनी सभांच्या इतिवृत्ताच्या वहीसह शुक्रवारी समक्ष हजर राहावे.'

महिनाअखेर शनिवारी होती.

भाचीचा फोनवर आवाज चढला. "मामी, सभा कसल्या? वही आहे तरी का?"

"कसल्या सभा आणि कसली वही! थापा मारल्यात त्यांनी," ती म्हणाली, तेवढ्यात पुढच्या खोलीत खण उघडल्याचा आवाज आला. चेअरमन दारात उभे होते, छातीशी एक जाडजूड निळी वही धरून.

"वही आहे," ते म्हणाले. "पण ती संचालक मंडळाची आहे."

"मी आहे की मंडळात! आणा इकडे."

"शुक्रवारी बघू," असं म्हणून त्यांनी वही कुलपात ठेवली आणि किल्ली बुटात टाकली. दिवसभर ते एका पायाने लंगडत होते, पण किल्ली दिली नाही.

आठ वर्षांच्या खोट्या सभा, त्यांत खोटे ठराव, आणि ते सगळं सरकारी टेबलावर! तीस दिवे तिला डोळ्यांसमोर एकेक करून विझताना दिसले.

शुक्रवारी दोघं निबंधक कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले. खोलीत छतापर्यंत फायली होत्या, आणि त्यांच्यामागे सर्दीने बेजार झालेल्या निबंधकबाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. त्यांनी शिपायाला बोलवायला टेबलावरची बेल दाबली. बेलने 'खर्र' केलं आणि मान टाकली. पुन्हा दाबली, पुन्हा 'खर्र'.

चेअरमनचा हात आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला. त्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर असायचा. तिने टेबलाखालून त्यांच्या मांडीला चिमटा काढला.

"हात खिशाबाहेर," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "इथे काम केलंत तर बघा. आपण निष्क्रिय आहोत!"

"नुसता कॉन्टॅक्ट साफ करायचाय गं," चेअरमन कळवळून म्हणाले.

"श्वास घ्या फक्त. तेवढं चालतं."

निबंधकबाईंनी वही ओढून घेतली. "कंपनीचं काम थांबलं त्यानंतरची पहिली सभा कुठली?"

"सत्तावन्न," चेअरमन बुटांच्या टोकांकडे बघत म्हणाले.

बाई सर्दीच्या आवाजात, वीज बिल वाचावं तशा वाचू लागल्या. "'सभा क्रमांक सत्तावन्न. स्थळ, स्वयंपाकघर. उपस्थिती, दोन. संचालक क्रमांक दोन यांनी उजवा गुडघा दुखत असल्याचे निदर्शनास आणले. अध्यक्षांनी तेल चोळून देण्याचे आश्वासन दिले. सभा तहकूब.'" त्यांनी पान उलटलं. "'सभा क्रमांक अठ्ठावन्न. मागील आश्वासनाची पूर्तता झालेली नाही, याची अध्यक्षांनी खेदपूर्वक नोंद घेतली.'"

चेअरमनबाईचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. या सभा झाल्या होत्या. संध्याकाळच्या चहाच्या त्या वेळा होत्या. ती आपली भिंतीशी बोलावं तशी बडबडत राहायची आणि समोर हा माणूस पेपरात तोंड खुपसून बसलेला असायचा. मग रात्री कधीतरी ऑफिसात जाऊन तो हे लिहायचा?

"'सभा क्रमांक त्रेसष्ट. संचालक क्रमांक दोन यांनी अध्यक्षांना दगड असे संबोधले. नोंद घेण्यात आली.'" बाईंना शिंक आली, त्यांनी ती आवरली आणि पुढे वाचलं. "'सभा क्रमांक पासष्ट. संचालक क्रमांक दोन यांना आईची आठवण झाली. अध्यक्षांना काय बोलावे हे सुचले नाही. दुसरा कप चहा देण्यात आला.'"

चेअरमन बेलकडे एकटक बघत होते.

"'सभा क्रमांक अडुसष्ट. संचालक क्रमांक दोन मोठ्याने हसल्या. कारण समजले नाही. पुढील सभेत विचारावे.'" बाईंनी उत्सुकतेने पान उलटलं. "'सभा क्रमांक एकोणसत्तर. विचारायचे राहिले.'" त्यांनी वही खाली ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "का हसला होतात?"

तिला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी चेअरमन बँकेतून आले ते स्वेटर उलटा घालून. मागचं लेबल हनुवटीखाली ऐटीत मिरवत होतं आणि ते तिला व्याजदर समजावत होते.

"संचालक मंडळाची बाब आहे," ती म्हणाली. "बाहेर सांगता येत नाही."

निबंधकबाईंनी शेवटपर्यंत पानं चाळली. "बत्तीस सभा. त्यात खरेदी नाही, विक्री नाही, ठराव नाही. अध्यक्ष, तुमच्या कंपनीचा उद्देश लिहिलाय दारावरच्या बेल बनवणे, विकणे आणि दुरुस्त करणे. यातलं कंपनीने आठ वर्षांत काय केलं?"

चेअरमन उठून उभे राहिले. "ऐकलं. सगळं ऐकून घेतलं. ते काम नाही का?"

"उद्देशात नाही ते," बाई म्हणाल्या, पण जरा हळू.

चेअरमन तसेच उभे राहिले. आता हे पाय आपटून निघून जाणार, हे बायकोला त्यांच्या बुटांवरूनच कळलं. सकाळपासून तिने या क्षणासाठी एक ठेवणीतला टोमणा तयार ठेवला होता. तो तिला सापडेना. तिने बाईंच्या पुढ्यातला अर्ज स्वतःकडे ओढला.

"बाई, एक सांगा. यात माणसाचा रकाना कुठे आहे?"

"माणसाचा?"

"म्हणजे कंपनी निष्क्रिय, ते कळलं. तिचा चेअरमन निष्क्रिय आहे की नाही, ते कुठे भरायचं?"

"तसा रकानाच नाही."

"ऐकलंत?" ती नवऱ्याकडे वळली. "तुमच्याबद्दल कुणी काही विचारलेलंच नाही. उगाच सरकारला नको ती माहिती देऊ नका. कंपनीने काही केलं नाही, एवढंच लिहायचंय. तुम्ही केलंत, ते वहीत आहे. वही आपण घरी नेऊ."

चेअरमन खाली बसले. त्यांनी चष्मा लावला, ओळ तिसऱ्यांदा वाचली, आणि एकही शब्द न खोडता सही केली. बाईंनी शिक्का मारला, 'मंजूर' लिहिलं, पोच दिली आणि वही परत केली. भाचीला तेवढी पोच पुरेशी होती, उद्यापर्यंत नवा क्रमांक मिळणार होता.

"आता तुम्ही कुणाचेच अध्यक्ष नाही," निबंधकबाई म्हणाल्या.

तिने नवऱ्याच्या कोटाकडे बोट दाखवलं. "आता घाला हात खिशात."

स्क्रू-ड्रायव्हर बाहेर यायला एक क्षण लागला नाही. चार मिनिटांत बेल उघडून, पुसून, पुन्हा जोडून झाली. निबंधकबाईंनी जपून बटण दाबलं, आणि असा दणदणीत आवाज झाला की वरच्या फायलींवरची धूळ खाली आली आणि शिपाई धावत आत आला. "मॅडम, काय झालं?"

बाई रुमालाआड हसल्या. "हे काम कोणत्या कंपनीचं म्हणायचं?"

चेअरमन सवयीने जुन्या कंपनीचं नाव सांगणार होते.

"लिहा, नाव यायचंय," ती म्हणाली.

जिना उतरताना ते तिच्या एक पायरी मागे होते. पहिल्या मजल्यावर त्यांनी घसा खाकरला. "अडुसष्टाव्या सभेत का हसली होतीस गं?"

"ती कंपनी बंद झाली. तिच्यातले प्रश्न आता घेता येत नाहीत."

चेअरमन कठड्यावर बोटं वाजवत चार पायऱ्या उतरले.

"नव्या कंपनीत मांडा," ती मागे न बघता म्हणाली. "तिथे मी अध्यक्ष. इतिवृत्त लिहायला संचालक क्रमांक दोन लागेलच. फक्त अट एक आहे. पहिल्या सभेत जुनी आश्वासनं आधी पुरी करायची."

"कोणतं आश्वासन?"

तिने कठडा धरला आणि उजवा पाय जरा जपून खालच्या पायरीवर टेकवला.

"सत्तावन्न," चेअरमन म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. "तेल घेऊनच घरी जाऊ."