आधी सुई

"लिंग काढायचं न्हाई म्हंजे न्हाई!" पार्वतम्मानं नातीच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मुठीत गच्च धरली. "एकदा काढू दिलं, तर नीला गेली. हिला न्हाई जाऊ द्यायची मी. गाडी बोलवा, घरी नेते."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर नऊ वर्षांची महादेवी पोट धरून कण्हत होती. अपेंडिक्स सुजलेलं, कधी फुटेल नेम नाही. डॉक्टर आत हात धूत होते. टँकरचं पाणी, म्हणून आया तांब्यानं जपून ओतत होती. आणि केवळाबाई सिस्टर दारातच थिजली. म्हातारीनं तिला ओळखलं नव्हतं, तिनं मात्र बघताक्षणी ओळखलं. ओळखणार नाही तर काय! हिची थोरली नात, नीला, चार वर्षं तिच्या खिशात बसून होती.

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. हेच दार, हीच हुज्जत. शेवटी केवळाबाईनंच समजूत घातली, डबी काढून म्हातारीच्या पदरात बांधली आणि घाईघाईनं नीलाला आत नेलं. त्या गडबडीत पोटाला चीर देण्याआधी द्यायचं अँटिबायोटिकचं इंजेक्शन एप्रनच्या खिशातच राहिलं. संध्याकाळी इंजेक्शनची भरलेली बाटली हाताला लागली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. पोरीच्या पोटात पू झाला, सहाव्या दिवशी ती गेली. कुणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून पुरलं, एवढं कानावर आलं. तेव्हापासून डोळे मिटले की ती बसलेलीच दिसायची.

"अम्मा," केवळाबाईच्या तोंडून निघालं, "लिंग काढलं म्हणून न्हाई गेली ती. आधी द्यायची सुई माझ्या खिशात राहिली. माझी गलती हाय."

आतलं पाणी ओतणं थांबलं. डॉक्टरांनी ऐकलं होतं. नोकरी गेलीच म्हणायची, पण आता शब्द परत थोडेच घेता येतात?

"तवापासून पूजेला बसले न्हाई म्या," म्हातारी हळूच म्हणाली. "कोणत्या तोंडानं बसू, म्हणून. आन् तू गप राह्यलीस?"

"हाव. राहिले."

पार्वतम्मानं हात उगारला. केवळाबाईनं गाल बाजूला घेतला नाही. थप्पड बसली असती तर बरंच वाटलं असतं तिला. पण तो हात महादेवीच्या गळ्याशी गेला. म्हातारीनं दोऱ्याची गाठ सोडली, डबी कपाळाला लावली.

"आधी सुई. माझ्यादेखत."

सुई दिली. म्हातारीनं बाटली मागून घेतली, खिडकीतल्या उन्हात उलटी धरून पाहिली आणि डबीबरोबर पदरात बांधली.

स्ट्रेचर आत गेलं. दार लागेपर्यंत पार्वतम्मा सिस्टरच्या खिशाकडंच बघत होती.